नवऱ्याची मोड

प्रागच्या स्टेशनवर त्रिशला मगदूमने आपला नवरा मोडायला दिला आणि पैसे बदलायच्या खिडकीतून तिला तेवीस नवरे परत मिळाले.

खरं तर चोवीस मिळायला हवे होते. दराच्या पाटीवर चोवीसच लिहिलं होतं आणि खाली ठळक अक्षरांत 'कमिशन नाही' असंही होतं. त्रिशलाने दोनदा मोजले. जयसिंगपूरच्या कॉलेजात तिची सगळी नोकरी रसायनशास्त्र शिकवण्यात गेली होती. मोजण्यात ती सहसा चुकत नसे.

"एक कमी आहे," ती म्हणाली.

"पाटीवरचा भाव मोठ्या रकमेला असतो," खिडकीतला माणूस म्हणाला. "सुट्या माणसाला तेवीस."

"मग कमिशन नाही असं कशाला लिहिलंय?"

"कमिशन नाहीच. भाव वेगळा आहे." तो चांगलं मराठी बोलत होता. त्याने खिडकी लावून घेतली.

व्हिएन्नात असं काही झालं नव्हतं. तिथे भरतेशराव जसेच्या तसे चालले होते. तीन दिवस दोघं राजवाडे बघत हिंडली, पायऱ्यांवर बसून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली, आणि प्रत्येक पाटीवरची किंमत भरतेशराव नव्वदने गुणून मोठ्याने सांगत राहिले. प्रागला मात्र ट्रामचं दार त्यांच्या तोंडावर मिटलं. चालक बाईने काच खाली करून सांगितलं, "तुम्ही दोघंही इथे चालत नाही. निदान एकाला मोडून आणा."

हातात असेल ते सगळं एकदम मोडायचं नाही, अर्धं राखून ठेवायचं, हे त्रिशलाने घरूनच ठरवून आणलं होतं. भरतेशरावांनीही फार विचार केला नाही. "मला मोड," ते म्हणाले. "हिशेब तू बघतेस. तुझे तुकडे झाले तर मला घरचा पत्तासुद्धा सांगता यायचा नाही."

आता तेवीस भरतेशराव स्टेशनच्या फरशीवर उभे होते. उंची सगळ्यांची तीच, राखाडी स्वेटरही तोच, पण अंगातून पलीकडचं वेळापत्रक दिसत होतं. त्रिशलाने बॅगा तोलायचा हातकाटा काढला आणि एकेकाच्या कॉलरला आकडा लावून प्रत्येकाला उचलून बघितलं. सगळे मिळून एकोणसत्तर किलो भरले. घरून निघताना ते बहात्तर होते.

"कुणाला काय आठवतंय ते सांगा," ती म्हणाली. "क्रमाने सांगा."

त्यांनी क्रमाने सांगितलं. एकाला वीज मंडळातली नोकरी आठवत होती, एकाला पोहायला शिकलेली विहीर, एकाला लग्नातली पंगत आणि त्रिशलाच्या मामाने केलेलं भांडण. रुचिरा नावाची मुलगी आहे आणि ती पुण्याला असते, हे एकाला ठाऊक होतं. ती दिसते कशी ते मात्र कुणालाच सांगता येईना.

"चेहरा चोविसाव्याकडे राहिला असेल," त्यातला एक म्हणाला. "घरी फोटो आहेत की."

त्रिशला खिडकीपाशी परत गेली. खिडकी बंदच होती. "आत्ताच्या गाडीने व्हिएन्नाला परत जाऊ," ती म्हणाली. "तिथे तुम्हाला पुन्हा एक करून घेते. मला तुम्हाला पुरतं घरी न्यायचंय. बाकी काही बघायचं नाही मला."

"हॉटेलचे पैसे भरलेत," एक भरतेशराव म्हणाले.

"रद्द केलं तर परत मिळत नाहीत," दुसरे म्हणाले.

"बुडापेस्टच्या बोटीचेही," तिसरे म्हणाले. "नव्वदने गुणून बघ."

तिने गुणून बघितलं. रद्द न होणारी खोली तिनेच घेतली होती, कारण ती स्वस्त पडत होती. बोटीचंही तसंच. तिने बॅगा उचलल्या आणि सगळे हॉटेलकडे निघाले.

जाण्याआधी स्टेशनवरच्या स्वच्छतागृहासाठी एक नवरा द्यावा लागला. फिरत्या दांड्याशेजारी भिंतीत उभी फट होती. त्रिशलाने बराच विचार केला आणि ज्याला फक्त शिरोळ तालुक्यातल्या विजेच्या खांबांचे नंबर आठवत होते त्याला पुढे बोलावलं.

"जातो," तो म्हणाला. "तू सावकाश ये."

तो आडवा वळून फटीत शिरला. आत कुठेतरी तो खाली पडल्याचा हलका आवाज झाला आणि दांडा फिरला.

तेवढ्यावर भागलं असतं. पण खर्चाचा अंदाज बांधताना त्रिशलाची एक चूक झाली होती, आणि ती प्रागला पोचेपर्यंत तिच्या लक्षात आली नव्हती. मगदूमांच्या घरात सूर्य मावळल्यावर कुणी जेवत नाही. पिढ्यान्‌पिढ्या तसंच चालत आलं होतं, त्यामुळे रात्रीच्या जेवणाचा खर्च तिने शून्य धरला होता. व्हिएन्नात दिवसभर पायपीट करून दोघं उजेडातच झोपी गेली आणि तो शून्य टिकला. जून महिना होता आणि इथे मात्र सूर्य जायचं नाव घेत नव्हता. घड्याळात रात्र झाली तरी पुलावर स्वच्छ पिवळं ऊन होतं, भूक दुपारसारखी लागली होती, आणि न जेवायला काही कारण उरलं नव्हतं.

"ऊन आहे तोवर जेवायला हरकत नाही," विहिरीवाले भरतेशराव म्हणाले.

"तुम्हाला कसली भूक लागते? तीन किलोचे तुम्ही."

"तुला लागलीय. तुझा चेहरा उतरलाय."

तिने एकच थाळी मागवली. उकडलेल्या पिठाचे गोळे आणि कोबी. त्याला तीन नवरे लागले. वाढणाऱ्याने बिलाच्या बशीकडे बोट दाखवून सांगितलं की इथे वर एक ठेवायची पद्धत आहे. त्रिशलाने ऑफिसच्या सहली आठवणाऱ्याला वर ठेवलं. बशीत ते चौघं दाटीवाटीने उभे राहिले, आणि वाढणाऱ्याने त्यांना दंडावर तोलत आत नेलं. लग्नाची पंगत आठवणारेही त्यांच्यात गेले, हे तिला पाणी पिताना कळलं.

"अहो, पंगतवाले कुठे आहेत?"

"बशीत चढले," एक म्हणाला. "जेवणाचा विषय निघाला की पुढे व्हायची सवय त्यांना."

दुसऱ्या दिवशी पाण्याच्या बाटलीला अजून एक गेला. प्राग सोडताना सतरा राहिले.

बुडापेस्टला ते सतराही चालले नाहीत. तिथल्या खिडकीत एक म्हातारी बसली होती. तिने सतराजणांची चवड केली, अंगठ्याने कडा फुलवल्या आणि पाटीवर सोळा असताना एकेकाचे पंधरा केले. त्रिशलाने ते मोजून घेतले. दोनशे पंचावन्न भरतेशराव उंचीला पूर्वीइतकेच होते, पण धुऊन विरलेल्या धोतराइतके पातळ. वारा आला की सगळे एकाच दिशेला कलायचे. तिने फुटपाथवर बसून त्यांच्या घड्या केल्या, आपले कपडे बाहेर काढले आणि दोन्ही बॅगा त्यांनी भरल्या. बाहेर काढलेले कपडे तिथेच ठेवावे लागले.

खोलीवर गेल्यावर तिने त्यांना पलंगावर उलगडलं. आता प्रत्येकाकडे एकेकच शब्द होता. कुणाकडे 'विहीर', कुणाकडे 'मीटर', कुणाकडे 'नव्वद'. एकटा घेतला तर तो तेवढंच म्हणायचा आणि थांबायचा. बोलायचं असेल तर त्यांना आपसांत क्रम लावावा लागे. दुपारभर पलंगावर सळसळ चालली होती. शेवटी सहाजण काठाशी येऊन एका ओळीत थांबले. त्रिशलाने डावीकडून वाचलं.

"त्रिशला. ऊन. आहे. जेवून. घे. तू."

"मला भूक नाही," ती म्हणाली.

ओळ बदलली नाही. बोटीची वेळ झाली होती आणि बोटीचे पैसे भरले होते. तिने सगळ्यांची पुन्हा घडी घातली आणि दोन्ही बॅगा ओढत ती धक्क्यावर गेली.

संध्याकाळची फेरी होती. बोट नदीच्या मधोमध गेली, पूल एकेक करून डोक्यावरून गेले आणि संसदेची इमारत आली. ती बघून झाली. बाकीच्या प्रवाशांनी फोटो काढले. सूर्य टेकडीच्या हातभर वर होता तो तिथेच राहिला. बोट वळली, परत आली, पुन्हा वळली. इमारत पुन्हा आली. तिकिटं तपासणारी एक तरुण मुलगी कमरेला चामड्याची पिशवी बांधून त्रिशलासमोर उभी राहिली.

"तुमची फेरी सूर्यास्तापर्यंतची आहे," ती म्हणाली. "वेळ वाढला. जादा पैसे पडतील."

"सूर्य मावळला नाही त्याला मी काय करू?"

"ते बरोबर आहे. पण बोट तर चालूच आहे ना."

"मला इथेच उतरवा."

"इथे नदी आहे, मावशी."

त्रिशलाने बॅग उघडली. आधी तिने दुबार असलेले काढले. 'बरं' सर्वांत जास्त निघाले, ओंजळभर. संसाराला चौतीस वर्षं झाली आणि त्यात हा माणूस एवढंच म्हणत आला होता, असं ती पूर्वी रुचिराला सांगायची. तिने सगळे 'बरं' मुलीच्या पिशवीत टाकले. ते जाताना एकामागून एक तेच म्हणत गेले, आणि पिशवीचं तोंड बंद होईपर्यंत आवाज येत राहिला. इमारत तिसऱ्यांदा आली. तिने 'मीटर' दिला, 'रजा' दिली, 'पगार' आणि 'बिल' दिले. पुढच्या फेरीला 'काका', 'पाट', 'गूळ'. मग निवडायला वेळ मिळेना. मुलगी हात पुढे करून उभी असायची आणि त्रिशला वरचा हाताला लागेल तो द्यायची. ती चाचपून घडी ओळखायचा प्रयत्न करत होती, पण कापड सगळ्यांचं सारखंच होतं.

दोनशे उरले तेव्हा मुलीने पिशवी हातात तोलून बघितली आणि मान हलवली. सूर्य लगेच खाली गेला, टेकडीमागे दगड टाकावा तसा. बोट धक्क्याला लागली.

व्हिएन्नाच्या विमानतळावर पैसे बदलायच्या खिडकीपुढे रांग होती. लोक उरलंसुरलं परत करायला आले होते. कुणाच्या हातात घडी केलेला भाऊ होता, एका गृहस्थाकडे प्लॅस्टिकच्या पिशवीत बरीच माणसं होती आणि ती कोण होती हे त्यालाही सांगता येत नव्हतं. त्रिशलाचा नंबर आला. तिने दोन्ही बॅगा काचेखालच्या बशीत रिकाम्या केल्या. खिडकीतल्या बाईने ओल्या स्पंजवर बोट टेकवून भराभरा मोजले.

"चारशेचा एक होतो," ती म्हणाली. "हे दोनशे आहेत."

"मग अर्धे द्या."

"अर्धा माणूस आम्ही देत नाही. चारशे आणा, नाहीतर हे घेऊन जा. पण तुमच्याकडे गेल्यावर ते कुठे चालणार नाहीत."

"आमचं विमान आहे. तिकिटं दोघांची आहेत."

बाईने काचेतून तिच्याकडे नीट बघितलं, वरपासून खालपर्यंत. "तुम्ही अजून मोडलेल्या नाही."

"नाही. मला राखून ठेवलंय."

"तुमच्यातले दोनशे यांना जोडता येतील. एक पूर्ण होईल."

"आणि माझे राहिलेले दोनशे?"

"ते अर्धं झालं," बाई म्हणाली. "मी आत्ताच सांगितलं."

त्रिशला बशीवर वाकली. सगळे एकमेकांवर पालथे पडले होते. "अहो," ती म्हणाली, "काय करू?"

बशीत सळसळ झाली. ते बराच वेळ एकमेकांच्या खालीवर सरकत राहिले. पण मधले शब्द कधीच गेले होते, ओळ जमेना. शेवटी एकच वर आला आणि काचेला चिकटला.

"चहा," तो म्हणाला.

"विमानात मिळेल," ती त्याला म्हणाली.

मागच्या गृहस्थाने तिच्या रिकाम्या बॅगा पायाने बाजूला सारल्या आणि तो एक पाऊल पुढे आला. खिडकीतल्या बाईने कळ दाबली. काच वर गेली आणि बशी माणूस बसेल एवढी रुंद झाली.

"एकच येईल ना?" त्रिशलाने विचारलं. "पण कोण?"

"एक येईल. बूट बाहेर काढा, वजनात धरत नाहीत."

त्रिशलाने खाली बसून बुटांच्या नाड्या सोडल्या. बूट जोडीने भिंतीशी ठेवले, आणि ती बशीत चढून त्या घड्यांवर आडवी झाली. त्या अजून कोमट होत्या. काच खाली आली. यंत्राचा आवाज सुरू झाला, पंख्याची पाती कागदाला लागावी तसा, आणि पाटीवरचे आकडे पळू लागले. एकावर येऊन ते थांबले.

"या," बाई म्हणाली.

बशीच्या कडेवरून एक पाय बाहेर आला आणि चाचपडत बुटात शिरला. अर्ध्यावर तो अडकला. पुढे जाईना, मागेही घेता येईना.

"पुढचे," बाई म्हणाली.