नावाच्या बाजूला

मित्रांनो, मी एक जुना शिक्का आहे. लाकडी मूठ, रबरी तोंड आणि मध्ये तारखेची चार चाके, एवढाच माझा संसार. शिक्षणासाठी कर्ज देणाऱ्या एका कचेरीत, तीन नंबरच्या खिडकीमागच्या खालच्या खणात मी पडून असतो. शेजारी सुकलेली पेने आहेत, गंजलेल्या टाचण्या आहेत आणि एक चावी आहे. तिचे कुलूप कुठले, ते कोणालाच आठवत नाही. माझी चाके अडकली आहेत, त्यामुळे माझ्यावर अजून त्या एकाच दिवसाची तारीख आहे. तो दिवस मला सोडत नाही, म्हणून तुम्हाला सांगायला बसलो आहे.

माझा जन्म एका जिन्याखालच्या दुकानात झाला. शिक्के करणारा म्हातारा डोळ्याला भिंग लावून रबरात अक्षरे उलटी कोरायचा. माझ्या तोंडावर त्याने 'भरणा मिळाला' असे कोरले. आरशासमोर धरले तरच माझे तोंड सरळ वाचता येते, आणि शिक्क्याला आरसा दाखवायला कोणाला वेळ आहे? पण कागदावर उतरलो की मी स्वच्छ उमटायचो. म्हाताऱ्याने पहिला ठसा उमटवून पाहिला आणि नुसती मान हलवली. तेवढ्या कौतुकावर मी कितीतरी वर्षे काढली.

तीन नंबरच्या खिडकीत बाई बसत. सगळे त्यांना नुसतेच बाई म्हणत. त्यांचा हात जड होता, पण ठसा कधी तिरका गेला नाही. हप्ता मोजून घेतला की त्या मला शाईच्या गादीवर टेकवत, पावतीवर दाबत, ओल्या ठशावर हलकेच फुंकर मारत आणि म्हणत, "सुटला एक महिना." हे ऐकायला लोक क्षणभर थांबत. कोणी हसे, कोणी सुस्कारा टाके. मला तेव्हा वाटायचे, या कचेरीतले सर्वांत पुण्याचे काम माझेच आहे.

बाईंनी स्वतःही याच कचेरीचे कर्ज काढून शिक्षण घेतले होते आणि अकरा वर्षे ते फेडले होते. त्या अकरा वर्षांत त्या पायी कामाला येत. दुखरी दाढ त्यांनी दोन वर्षे तशीच काढली. पोटाला चिमटा घेऊन भरलेल्या शेवटच्या हप्त्यावर त्यांनी मला इतक्या जोराने दाबले की माझ्या मुठीला तडा गेला. तो तडा मी मिरवतो. तेव्हापासून मात्र एखाद्याने "या महिन्यात जमलं नाही" म्हटले की बाईंचा चेहरा बंद दारासारखा होई.

कर्ज देताना प्रत्येकाकडून थोडी रक्कम सामाईक निधीत घेत. कर्जदार वारला तर उरलेले कर्ज त्या निधीतून फिटे आणि घरच्यांकडून एक पैसाही घेतला जात नसे. हा नियम बाई पाढा म्हटल्यासारखा घडाघड म्हणून दाखवत. विशीतली मुले तो काय ऐकणार? सगळी खाली मान घालून सह्या करत.

एकाने मात्र ऐकला. तो लिफ्ट दुरुस्तीचे शिक्षण घेत होता. त्याचे नाव मी सांगणार नाही, कारण खातेदाराचे नाव बाहेर काढायचे नाही हा आमच्या खिडकीचा रिवाज आहे. वडिलांना सोबत घेऊन आला होता. नियम ऐकून तो हसला आणि म्हणाला, "म्हणजे मी मेलो तर बाबा सुटले." वडिलांनी त्याच्या पाठीत धपाटा घातला. वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे, त्यांना सगळे पेंटरकाका म्हणत. त्यांच्या खिशात पेनाऐवजी बारीक कुंचला असे.

पुढे त्या मुलाला नोकरी लागली. पहिले सात हप्ते त्याने स्वतः येऊन भरले. पैसे भरण्याच्या चिठ्ठीवर तो घाईघाईने तिरकी सही करायचा आणि शेवटच्या अक्षराचे शेपूट वर उडवायचा. पावतीवर आपले नाव छापून आले की तो बाईंना सांगे, "बाई, शिक्का बाजूला मारा. नाव दिसू द्या." बाई हसत आणि मला बाजूला टेकवत. इतरांच्या नावांवर मी बेधडक उतरायचो, त्याच्या नावाला मात्र मी कधी शिवलो नाही.

आठव्या महिन्यात पेंटरकाका एकटे आले. मुलगा दूरच्या नोकरीवर गेलाय, सही करून ठेवलीय, असे म्हणाले. चिठ्ठीवर तीच तिरकी सही होती, शेपूटही तसेच वर उडालेले. बाईंनी पैसे मोजले आणि मला उचलले. तेवढ्यात काका म्हणाले, "बाई, शिक्का बाजूला मारा. नाव दिसू द्या."

पावतीआधी चिठ्ठीवर मी सहीलगत उतरलो आणि माझे रबर गार पडले. मित्रांनो, शिक्का सगळे कागद अगदी जवळून पाहतो. घाईत केलेल्या सहीची शाई कुठे दाट, कुठे पुसट असते. ही सही पहिल्या रेघेपासून शेवटच्यापर्यंत सारख्या जाडीची होती. ती कोणी केलेली नव्हती, पाटीवरच्या अक्षरांसारखी सावकाश रेखली होती. मला कळले. पण 'भरणा मिळाला' याखेरीज दुसरे काही बोलायची मला सोय नव्हती.

अशी सहा वर्षे गेली. दर महिन्याच्या पाच तारखेला काका येत आणि तेच वाक्य त्याच सुरात म्हणत. ऐकताना मला वाटे, त्यांच्या मागे आणखी कोणी उभे आहे आणि ओठ त्याचे हलताहेत. बाई म्हणत, "सुटला एक महिना." काका पावतीवरचे नाव डोळ्यांजवळ नेऊन वाचत आणि घडी घालून खिशात ठेवत. हळूहळू त्यांच्या शर्टावरचे रंगाचे डाग जुने होत गेले, नवे पडेनासे झाले.

मग एका वर्षी सरकारने हप्ते थकलेल्यांसाठी अर्धे कर्ज माफ करायची योजना आणली आणि आमच्या खिडकीपुढची रांग दुभंगली. ज्यांनी फेडले होते ते म्हणत, आम्ही काय मूर्ख होतो? ज्यांचे राहिले होते ते खाली बघत. नर्सचे शिक्षण अर्धवट सुटलेली एक मुलगी अर्ज घेऊन आली; दवाखान्यात सगळे तिला नर्सच म्हणत. तिचे कॉलेज दुसऱ्या वर्षीच बंद पडले होते. पदवी हाती आली नाही, कर्ज मात्र आले. दोन ठिकाणी काम करून ती नुसते व्याजच भरत होती. बाईंनी अर्ज हातात घेतला नाही. रांगेतल्या पेंटरकाकांकडे बोट दाखवून त्या सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाल्या, "त्यांच्याकडे बघा. मुलगा परगावी, वय झालेलं, तरी सहा वर्षांत एक हप्ता चुकवला नाही. याला म्हणतात जबाबदारी."

काकांनी मान खाली घातली. मी गादीवर पालथा होतो आणि मला कोणी उचलू नये असे वाटत होते.

नर्स शांतपणे म्हणाली, "बाई, ते एकटे भरतात याची लाज मला वाटायला हवी, की त्यांना एकट्याने भरावं लागतं याची आपल्या सगळ्यांना?"

बाईंनी तिचा अर्ज ठेवून घेतला.

पुढचे दोन महिने काका आले नाहीत. बाई पाच तारखेला दाराकडे पाहत बसत. तिसऱ्या महिन्यात ते आले ते काठी टेकत आणि रिकाम्या हाताने. डोळ्यांत पडदा आला होता, शिडी विकून झाली होती. थोडी मुदत द्या, एवढेच मागत होते. बाईंना भरून आले. ज्या योजनेला त्या नाक मुरडत होत्या, तिचाच अर्ज त्यांनी काकांसाठी स्वतः भरला. नाव, खाते, उरलेली रक्कम, सगळे लिहिले आणि शेवटच्या रकान्यावर बोट ठेवले. मुलाला एक दिवस बोलवा, त्याची सही इथे माझ्यासमोर लागेल, असे म्हणाल्या.

काकांनी खिडकीवरचे पेन उचलले आणि बाईंच्या डोळ्यांदेखत तिथे सही केली. तिरकी, सावकाश, शेपूट वर. सहा वर्षांची हाताची सवय होती. सही पूर्ण झाल्यावरच आपण काय केले ते त्यांच्या लक्षात आले. पेन त्यांच्या हातातच राहिले.

बाईंचा चेहरा पांढरा पडला. काका त्यांच्याकडे न बघता म्हणाले, "तो कामावर पडला, बाई. सहा वर्षं झाली. मी आयुष्य शिडीवर काढलं, मला काही झालं नाही."

तेव्हाच मृत्यूचा दाखला आणला असता तर निधीतून सगळे कर्ज फिटले असते, हे बाईंनी कसेबसे सांगितले. काका म्हणाले की नियम त्यांना ठाऊक होता, पोरानेच तर तो हसत ऐकला होता.

"दाखला दिला असता तर तुम्ही खातं बंद केलं असतं. दर महिन्याला पावतीवर त्याचं नाव छापून येतं. आता दुसरीकडे कुठे येत नाही हो." पेन खाली ठेवत ते म्हणाले, "आणि आपल्या पोराचं ओझं लोकांच्या डोक्यावर कशाला?"

"लोकांच्या नाही, काका," बाई म्हणाल्या. "त्या निधीत माझेही पैसे आहेत. तुमच्यासाठीच भरले होते मी. आणि त्या नर्सला बोलताना मलाच ते आठवलं नाही."

आठ दिवसांनी काका दाखला घेऊन आले. सहा वर्षांचे हप्ते त्यांना परत मिळणार होते. त्याविषयी त्यांनी एक शब्दही विचारला नाही. खाते बंद झाल्याच्या कागदावर नावाची जागा हाताने भरायची असते. बाईंनी पेन उचलले, तेव्हा काका म्हणाले, मी लिहू का? त्यांनी खिशातला कुंचला काढला, माझ्या शाईच्या बाटलीत बुडवला आणि डोळे कागदाला लावून पोराचे नाव रंगवले. पाटीवर रंगवतात तसे, सरळ, मोठे. बाईंनी मला उचलले आणि सवयीने बाजूला नेले.

"आज नावावर मारा," काका म्हणाले.

बाईंचा जड हात त्या दिवशी हलका होता. मी ओल्या अक्षरांवर उतरलो. बाईंनी फुंकर मारली नाही आणि 'सुटला' असेही म्हटले नाही.

त्याच दुपारी बाईंनी नर्सच्या अर्जावर शिफारस लिहिली आणि तो वर पाठवला. त्याचे पुढे काय झाले ते मला माहीत नाही, कारण त्याच दिवशी यंत्राचा शिक्का आला आणि मी खणात गेलो. कोणी कोणी म्हणते, ज्याचे त्याने फेडावे. मी तेच काम आयुष्यभर केले, त्याला मी हलके कसे म्हणू? पण बाईंच्या त्या बोटाची खूण माझ्या मुठीवर अजून आहे, आणि त्या बोटाने एका बापाला सगळ्यांसमोर उभे केले होते.

मित्रांनो, तुमच्या पुढे रांगेत कोणी गप्प उभा असेल तर त्याचे कौतुक करण्याआधी त्याची चौकशी करा. आणि माझे म्हणाल तर, मला उद्या खुशाल टाकून द्या. पण माझे तोंड पुसू नका. त्या दिवशीची ओली शाई माझ्या रबराला लागली, ती तशीच वाळली आहे. 'भरणा मिळाला' या अक्षरांवर एका मुलाचे नाव उलटे उमटले आहे. आता ते दुसरीकडे कुठे येत नाही.