ध्यानात पोचलेली हाक

विद्याधरपंत ध्यानाला बसले की मुलुंडच्या त्या चाळीत भांडीसुद्धा हळू घासली जात. बायकोला, पद्मजेला, मात्र या समाधीचा दाट संशय होता. ध्यानातून उठल्या उठल्या ते विचारत, "दूधवाल्याशी हुज्जत कशाला घातलीस?" जगाचं काही कानावर येत नाही म्हणणाऱ्याला दूधवाला बरा ऐकू येतो!

एरवी तिने हसून सोडून दिलं असतं. पण श्रावणात ती तापाने अंथरुणाला खिळलेली असताना पाच वर्षांची कुंदा दारातल्या जिन्यावरून पडली. पद्मजा जिवाच्या आकांताने ओरडली. पुढच्या खोलीत पंत डोळे मिटून बसलेले. शेवटी शेजारच्या वनमालाबाई धावल्या. पोरीचा मोडलेला हात वाकडा बसला तो बसलाच. "ध्यानात होतो गं, काही ऐकूच आलं नाही," पंत म्हणाले. हे खरं असेल तर सगळं माफ होतं. पण खोटं असेल तर या माणसाबरोबर जन्म कसा काढायचा, हा किडा तिचं डोकं पोखरत राहिला.

अशात एका इस्पितळातल्या डॉक्टर जयवंतांनी मेंदूतली वीज कागदावर उमटवणारं यंत्र आणलं. त्यांना ध्यान करणारी माणसं हवी होती. पंत ऐटीत निघाले. पद्मजाही निघाली.

डोक्याला तारा चिकटवून पंत डोळे मिटून बसले. सरकत्या कागदावर लेखण्या एकसारख्या लाटा काढू लागल्या.

"लक्ष कुठे वेधलं गेलं की या लाटा मोडतात," डॉक्टर तिच्या कानाशी म्हणाले. त्यांनी घंटा वाजवली, टाळी वाजवली. लाटा जशाच्या तशा. पद्मजेला हायसं वाटलं, उगाच संशय घेतल्याची लाजही वाटली. तरी संशय मोठा चिवट.

"मी एक हाक मारू?" तिने विचारलं. डॉक्टरांनी होकारार्थी मान डोलावली.

"अहो, धावा! कुंदा पडली!"

लाटा मोडल्या. लेखण्या वेड्यावाकड्या फरफटल्या. पंतांची पापणीही हलली नाही.

डॉक्टर हरखले. "घंटा पोचली नाही, पण लेकीचं नाव बरोबर पोचलं. बापाचं काळीज आहे, बाई!"

"पोचलं ना?" पद्मजेने विचारलं. "मग उठले का नाहीत?"

डॉक्टरांनी यंत्र बंद केलं. थोड्या वेळाने पंतांनी सावकाश डोळे उघडले आणि प्रसन्न हसून विचारलं, "काही झालं का?"

"काही नाही," पद्मजा म्हणाली. "यापुढे हाक मारणार नाही तुम्हाला."