दोन महिन्यांची पिल्लं

पिल्लांना रविवारी सकाळी खायला घालायचं नाही, हा नियम माझा. नणंदेचा नाही, माझा. ती बिचारी सुरुवातीला म्हणायचीसुद्धा, "वहिनी, थोडं दूध तरी देऊ का?" मी तिला गप्प करायचे. पोट भरलेलं पिल्लू टोपलीत अंगाचा गोळा करून झोपतं, आणि झोपलेल्या पिल्लाला लोक "किती गोड" म्हणतात आणि पुढे जातात. उपाशी पिल्लू मात्र समोर येईल तो हात चाटतं, बोटं चोखतं. हात चाटला की माणूस संपला. "अहो, बघा ना, हे मलाच चिकटलंय!" मग मी म्हणायचे, "पिल्लूच माणूस निवडतं हो, आपण कोण निवडणारे?" कुठून सुचायचं देव जाणे. जीभ नुसती चुरुचुरु चालायची.

आठवडाभर मी पडद्यांच्या दुकानात शिवणकाम करते. तिथे मालक बोलतो, गिऱ्हाईक बोलतं, मी मशीनवरून मान वर करून फक्त विचारते, "अस्तर लावायचं का?" रविवारी बागेच्या फाटकाशी टोपली घेऊन उभी राहिले की चार माणसं थांबून माझं ऐकायची, हसायची. पोटासाठी केलं, नाइलाज होता, असलं काही मी सांगणार नाही. मला ते आवडायचं. हे कबूल करायचीच जास्त लाज वाटते.

कामाची वाटणी सरळ होती. नणंदेच्या मागच्या खोलीत तीन कुत्र्या. त्यांची बाळंतपणं, साफसफाई, सगळं ती बघायची. विकायचं काम माझं, कारण ती लोकांसमोर तोंड उघडायला घाबरते. पिल्लं पाच आठवड्यांची झाली की बाहेर. मोठी झाली की कोण विचारतो? वय विचारलं तर मी सांगायचे, दोन महिने पूर्ण. प्रत्येक पिल्लाबरोबर लसीचं कार्ड. कार्डं मी छापून आणलेली, तारखा नणंदेच्या हातच्या. अक्षर मोत्यासारखं आहे तिचं. लस मात्र एकालाही दिलेली नव्हती. आणि एका फाटकावर दोनच रविवार उभं राहायचं, मग जागा बदलायची. म्हणजे कुणी परत आलंच तर आम्ही तिथे नाही.

त्या खेपेचं एक पिल्लू फाटकावरच्या पहिल्याच रविवारी घेतलं एका घड्याळवाल्यांनी. साठीचे असतील. बोलायला संकोचणारे. पिल्लाने त्यांचा अंगठा धरला तो सोडेचना. "मी घड्याळं दुरुस्त करतो," ते मला म्हणाले, जशी काही मी त्यांचा परवाना तपासणार होते. "दिवसभर दुकानात एकटाच असतो. याला माझ्याजवळच ठेवीन. चालेल ना?" मी म्हटलं, "चालेल काय, धावेल!" ते हसले. आजूबाजूचेही हसले.

गुरुवारी घरी राहिलेल्यांपैकी एक पिल्लू मेलं. दोन दिवस ओकत होतं, रक्ताचे जुलाब होत होते. नणंद म्हणाली, "अशक्तच होतं ते पहिल्यापासून." मी म्हटलं, "हो, अशक्तच होतं." आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघायचं टाळलं आणि खोली फिनाइलने धुऊन काढली.

पुढचा रविवार त्या फाटकावरचा आमचा शेवटचा. टोपलीत दोनच पिल्लं उरली होती. एक तरुण जोडपं बराच वेळ घुटमळत होतं. बाईच्या कुशीत पिल्लू होतं, नवरा "बघ हं, नीट विचार कर" म्हणत होता. अशा वेळी मी मुद्दाम गप्प राहते, पिल्लालाच काम करू देते. तेवढ्यात घड्याळवाले आले. शर्टाची बटणं खालीवर लागलेली. हातात आमचं कार्ड.

"बरं झालं तुम्ही भेटलात," ते म्हणाले. "पिल्लू कालपासून काही ठेवत नाहीये पोटात. पोस्टाच्या मागच्या दवाखान्यात ठेवलंय. डॉक्टरीणबाई म्हणतात, लस खरंच झाली असेल तर साधं पोट बिघडलं असेल, औषध देऊन संध्याकाळपर्यंत बघू. नसेल झाली तर आत्ताच्या आत्ता वेगळं ठेवून सलाईन लावायला हवं. कार्डावर कुठल्या दवाखान्याचा शिक्का नाही ना, म्हणून त्या म्हणाल्या, जाऊन एकदा विचारून या."

जोडप्याने माझ्याकडे बघितलं. नवऱ्याने कान टवकारलेच होते.

गुरुवारचं पिल्लू माझ्या डोळ्यांसमोर होतं. मला कळत नव्हतं असं नाही. सगळं कळत होतं.

"दिलीय की!" मी म्हटलं. "आमच्याकडे लस दिल्याशिवाय पिल्लू उंबऱ्याबाहेर पडत नाही. तुम्ही काही भलतंसलतं खायला घातलंत का त्याला?"

त्यांचा चेहरा पडला. "परवा थोडं बिस्कीट दिलं होतं मी," ते म्हणाले. "माझीच चूक. माफ करा हं, तुम्हाला असं विचारावं लागलं." आणि मला हात जोडून ते घाईघाईने निघून गेले.

जोडप्याची खात्री पटली. बाई म्हणाली, "बघितलंस? किती काळजी घेतात या." पिल्लू घेऊन गेले दोघं.

मी फाटकाच्या कट्ट्यावर बसले.  एकदा वाटायचं उठून दवाखाना गाठावा, मग वाटायचं, गेले असतील ते, आता जाऊन काय उपयोग? असं करत दुपार झाली. मग टोपलीतलं शेवटचं पिल्लू कागदावर ओकलं, आणि गुरुवारचाच तो वास आला.

टोपली घेऊन पोस्टापर्यंत मी रिक्षानेच गेले. दवाखान्यात घड्याळवाले बाकावर बसले होते, पिल्लू मांडीवर टॉवेलमध्ये. मला बघून चक्क उठून उभे राहिले. त्यांना वाटलं, मी चौकशीला आले.

मी डॉक्टरीणबाईंच्या दारात उभी राहून सांगितलं, "लस दिलेली नाही. एकही नाही. कार्ड खोटं आहे. आणि ते पाच आठवड्यांचं होतं, दोन महिन्यांचं नाही."

 त्यांनी पिल्लू उचललं, टोपलीतलंही उचललं आणि आत गेल्या. आम्ही दोघं बाहेर राहिलो.

"मी सकाळी विचारलं होतं तुम्हाला," घड्याळवाले म्हणाले.

"हो."

"मग?"

मला चांगलंसं काहीतरी सुचायला हवं होतं. एरवी सुचतं. "गिऱ्हाईक उभं होतं समोर," मी म्हटलं.

ते परत बाकावर बसले. मग म्हणाले, "मी तुमची माफी मागितली होती."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात ना, ते नुसतं म्हणायचं नसतं हे मला तेव्हा कळलं.

डॉक्टरीणबाई हात धुऊन बाहेर आल्या. "बाकीची पिल्लं कुठे आहेत?"

"विकली."

"किती?"

"इथल्या फाटकावर नऊ. हे यांचं धरून."

"आठ घरं मग. फोन नंबर द्या त्यांचे."

नंबर होते कुठे? आम्ही कुणाचा नंबर घेत नव्हतो, आणि आमचा देताना शेवटचा आकडा मुद्दाम चुकीचा द्यायचो. मला फक्त हात आठवत होते. अंगठीचा हात, मेंदी लावलेला, एक शाईने बरबटलेला. तेवढ्यावर कुणाला शोधणार?

"आठ घरांत तुमचं कार्ड आहे," त्या म्हणाल्या. "ते बघून तिथले डॉक्टरही साधं पोटाचं औषधच देत असतील." आवाज चढवला नाही त्यांनी. चढवला असता तर मी भांडले तरी असते.

घरी जाऊन नणंदेवर तोंडसुख घेतलं. ती रडत म्हणाली, "वहिनी, तू सांगितलंस म्हणून मी तारखा घातल्या." खरंच होतं. माझा राग जागच्या जागी विझला. त्याच आठवड्यात तिन्ही कुत्र्यांची ऑपरेशनं करून घेतली, पुन्हा पिल्लं नकोत म्हणून. माझ्या टोपलीतलं पिल्लू दुसऱ्या दिवशी गेलं. घड्याळवाल्यांचं वाचलं. हे मला डॉक्टरीणबाईंकडून कळलं. मी त्यांच्या घड्याळांच्या दुकानावर गेले तेव्हा त्यांनी मान वर केली नाही.

पुढच्या रविवारी मी त्याच फाटकावर उभी राहिले. हातात पुठ्ठ्याची पाटी. 'या फाटकावर मी पिल्लं विकली. वय खोटं सांगितलं. लसीचं कार्ड खोटं आहे. तुमचं पिल्लू माझ्याकडचं असेल तर लगेच डॉक्टरांकडे न्या.' अक्षर माझंच, वाकडंतिकडं. लोकांनी काय काय ऐकवलं ते सांगत नाही. एक म्हातारे गृहस्थ पाटीवर थुंकले, ती मी पदराने पुसली. ते तरुण जोडपं आलं. बाईने पाटी वाचली आणि नवऱ्याचा हात ओढत आल्या पावली पळाली. एवढं एक घर सापडलं.

तिसऱ्या रविवारी लांबूनच आवाज आला, "बाबा, त्या बघा पिल्लूवाल्या मावशी!"

पाच-सहा वर्षांची मुलगी, बापाचा हात सोडून धावत आली. बाप मागून आला. त्याने पाटी वाचली. पहिल्यापासून शेवटपर्यंत, मग पुन्हा पहिल्यापासून. मी मान खाली घालून उभी राहिले. म्हटलं, मार बाबा, काय मारायचं ते मार.

मुलीला अजून एवढं वाचता येत नसावं. तिने माझं बोट धरलं. "मावशी, आमचं पिल्लू आलं ना तुमच्याकडे? त्याला खूप बरं नव्हतं. त्याला आईची आठवण येत होती, म्हणून बाबा त्याला आईकडे सोडून आले."

मी वर बघितलं. बाप तिच्या मागे उभा होता. ज्याने माझ्या थोबाडीत द्यायला हवी होती तो माणूस डोळ्यांनी माझ्याकडे गयावया करत होता. नको, सांगू नका.

पाटी माझ्या हातात होती. आता खोटं बोलायचं नाही, असं मी देवासमोर दिवा लावून ठरवलं होतं.

"हो बाळा," मी म्हटलं. "आलं."

"आईने ओळखलं त्याला?"

"लगेच."

"आता पोट नाही ना दुखत त्याचं?"

"नाही दुखत."

इतकं सहज बोलले मी, जसं कायम बोलत आले तसंच. बापाने तोंड फिरवून शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. मग तिचा हात धरला आणि म्हणाला, "चल. मावशींना थँक्यू म्हण."

"थँक्यू, मावशी," ती म्हणाली.