त्रुटीपूर्ततेसाठी परत

दाढेला दयामाया नसते. बाइंडरची खालची दाढ दोन महिने ठणकत होती, गाल टम्म फुगला होता, आणि दंतवैद्य शांतपणे म्हणत होता, "या की, दीड तासाचं तर काम." दीड तास! त्यापेक्षा डोंगर हलवायला सांगितला असता तर बाइंडरनं निदान कंबर कसून बघितलं असतं. पण दीड तास आणायचा कुठून? घरात नाना होते.

नाना म्हणजे त्याचे वडील. एका मोठ्या कचेरीत अडतीस वर्षं हेडक्लार्क. येणारा प्रत्येक अर्ज त्यांच्या चष्म्याखालून जायचा आणि बहुतेक तसाच माघारी यायचा. आता मात्र स्मृतिभ्रंशानं त्यांच्याच डोक्यातले कागद एकेक करून उडायला लागले होते. दार उघडं दिसलं की ते ऑफिसला निघत. मुलाला विचारत, "आपण कोण? काम काय?" बाइंडरनं दुकान बंद केलं आणि पुस्तकबांधणीचं सगळं सामान घरी आणलं. पानं चिकटवायच्या खळीचा डबा तेवढा उंच फळीवर ठेवला, कारण नानांनी एकदा ती दही समजून चमचा बुडवला होता.

बरं, मदत नव्हती म्हणावं तर तसंही नाही. दूरच्या शहरातला धाकटा भाऊ दर रविवारी न चुकता फोन करी. "दादा, तू त्यांच्याशी पॉझिटिव्ह बोलत जा. मी व्हिडिओ पाठवलाय, बघ." शेजारच्या काकू एकदा तासभर बसायला आल्या. नानांनी त्यांना उशिरा आल्याबद्दल जागच्या जागी निलंबित केलं. काकूंनी तो हुकूम आजतागायत पाळलाय. आणि काळजीवाहक आधार केंद्रानं तर छान गुळगुळीत कागदावर पत्रक पाठवलं होतं: 'काळजीवाहकाने रोज आठ तास झोपावे, मोकळ्या हवेत फिरावे, एखादा छंद जोपासावा.' बाइंडरनं ते वाचलं आणि हात जोडले. "देवा, हे लिहिणाऱ्याला सुखी ठेव. तसा तो आधीच सुखी दिसतोय."

पण त्याच पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक योजना होती. आठवड्यातून दोन तास एक मदतनीस घरी येऊन बसेल. अट एकच: स्मरणशक्तीच्या परीक्षेत रुग्णाला तीसपैकी अठराच्या आत गुण पडले पाहिजेत. बाइंडर मनात म्हणाला, नाना तर आठावरच आटोपतील. त्यानं अर्ज केला.

गुरुवारी अकराला केंद्राच्या मॅडम आल्या. हातात फाइल, चेहऱ्यावर प्रशिक्षणात शिकवलेलं हसू. नानांच्या समोर बसल्या, कागद काढले. झालं! कागद दिसताच नानांची पाठ ताठ झाली, चष्मा नाकावर चढला, आणि वर्षभर न ऐकलेला आवाज घरात घुमला.

"अर्ज आहे? द्या इकडे."

"आजोबा, आधी सांगा, आज तारीख कोणती?"

"अर्ज तुमचा, आणि तारीख मी घालू? वा! बसा, बसा. या रकान्यात काही नाही. इथं खाडाखोड, तिथं सही नाही."

मॅडम गडबडल्या. "बरं, मी तीन शब्द सांगते, ते लक्षात ठेवायचे. खुर्ची, सफरचंद, नदी."

"तोंडी चालणार नाही. लेखी द्या."

मॅडमनी भराभर गुण मांडले. निर्णयक्षमता उत्तम. एकूण सव्वीस.

"अहो मॅडम," बाइंडर रडकुंडीला आला, "काल यांनी चपला फ्रीजमध्ये ठेवल्या हो!"

"जोडीनं ठेवल्या?"

"हो, जोडीनं."

"मग झालं तर! मदत नामंजूर होईल. आजोबा, भेट झाल्याची एवढी सही द्या."

नानांनी कागद उलटापालटा केला. "दुसरी प्रत कुठाय? सहपत्रं कुठायत? त्रुटीपूर्ततेसाठी परत."

गंमत अशी, की सही मिळाल्याशिवाय केंद्राच्या संगणकात प्रकरण मिटत नसे, आणि न मिटलेल्या प्रकरणाला दर आठवड्याला भेट द्यायचा नियम होता. पुढच्या गुरुवारी मॅडम दोन प्रती आणि सगळी सहपत्रं घेऊन हजर झाल्या. नानांनी त्यांना ओळखलंच नाही. पहिल्या पानापासून पुन्हा तपासणी, पुन्हा नव्या त्रुटी.

"हे तुम्ही मागच्या वेळी सांगितलं नव्हतं!"

"मागच्या वेळी इथं कोण होतं? नाव सांगा, खुलासा मागवतो."

दोन तास हे चाललं. दुसऱ्या कोपऱ्यात बाइंडरनं कित्येक महिन्यांत पहिल्यांदा एक अख्खं पुस्तक सुई न हरवता शिवलं. शेवटची गाठ मारून त्यानं घड्याळाकडे पाहिलं, मग नानांकडे, मग मॅडमकडे. आणि त्याच्या डोक्यात लख्ख उजाडलं.

तिसऱ्या गुरुवारी मॅडम टेकल्या न टेकल्या तोच तो म्हणाला, "जरा कोपऱ्यापर्यंत जाऊन आलो हं," आणि जो सुटला तो थेट दंतवैद्याच्या खुर्चीत.

तो परतला तेव्हा अर्धं तोंड बधिर होतं, ओठ लोंबत होता. दारातच मॅडमनी त्याला गाठलं. हसू कुठल्या कुठे गेलं होतं.

"अहो, होतात कुठे? सहा वेळा विचारलं मला, मी कोण म्हणून! आजोबा बाथरूमला म्हणून उठले आणि कपाटात शिरले. बाहेर काढलं तर रडायला लागले. रोज असंच असतं?"

बाइंडरनं नुसती मान हलवली, आणि कापूस सावरत कसंबसं म्हणाला, "मग... गुण बदला की."

"संगणकात गेलेले गुण बदलत नाहीत." त्या खाली बघत म्हणाल्या.

तेवढ्यात आतून नानांचा आवाज आला. "सगळं बरोबर आहे. शाबास!" त्यांनी पेनाचं टोपण काढलं होतं.

ही सही झाली की प्रकरण मिटलं. मग दर गुरुवारी या दारात कोण येणार? बाइंडरनं डोळे मिटले. देवा, या माणसानं अडतीस वर्षं चांगल्या चांगल्या अर्जांत त्रुटी काढल्या. आज लेकरासाठी एक, एवढी एकच काढू दे.

पेनाचं टोक कागदाला टेकणार, तोच मॅडम झपाट्यानं पुढे झाल्या. त्यांनी बाइंडरच्या सुजलेल्या गालाकडे एकदा पाहिलं आणि तिसऱ्या पानावर आपला अंगठा दाबून धरला.

"साहेब, थांबा. अर्जदाराचं नावच घालायचं राहिलंय इथं."

नाव होतं. ठळक अक्षरांत, अंगठ्याखाली.

नानांनी पेन खाली ठेवलं. "अहो बाई, कामं अशी करतात? न्या परत. पुढच्या गुरुवारी या."

"येते साहेब." मॅडमनी कागद गोळा केले, फाइलची दोरी बांधली आणि जाता जाता बाइंडरकडे न बघताच म्हणाल्या, "दोन तास तरी लागतील."

"दोन?" नाना गुरगुरले. "असल्या अर्जाला तीन लागतात!"