माईकवरचं नाव

काकासाहेबांनी कडक इस्त्रीचा पांढरा सदरा अंगात घातला, आरशात पाहिलं आणि परत काढून खुंटीला अडकवला. कोपरावर विरलेला जुना सदरा त्यांनी शोधून काढला.

“बजरंगभाऊंच्या पोरीचं, संस्कृतीचं लगीन हाय ना आज?” चुलीपाशी बसलेल्या त्यांच्या बायकोने, सुरेखाबाईंनी विचारलं.

“मी ओढ्यावर चाललोय.”

सुरेखाबाईंनी तव्यावरची भाकरी जरा जोरातच उलटली. बजरंग म्हणजे निवडणुकीत काकासाहेबांसाठी दारोदार फिरलेला माणूस. त्याच्या मुलीच्या लग्नाला सरपंचाने न जाणं म्हणजे पारनेर तालुक्यात आपण होऊन भांडण ओढवून घेणं.

सरपंच झाल्यापासून काकासाहेबांचे उन्हाळे असेच जात. सकाळी कुणाच्या दहाव्याला श्रद्धांजलीचं भाषण, दुपारी लग्नात शुभाशीर्वाद, संध्याकाळी एखाद्या नव्या दुकानाची फीत. उरलासुरला वेळ गावाला. ओढा खोल करीन म्हणून ते निवडून आले होते आणि ओढा गाळाने भरून तसाच पडला होता. कामाला कुणाची ना नव्हती. काढलेला गाळ माझ्या बाजूला नको, तुझ्या बाजूला टाक, एवढ्यावरून दोन काठांवर शेतं असलेले गहिनीनाथ आणि ज्ञानेश्वर हे चुलतभाऊ हटून बसले होते. गाळ उपसायचं पोकलेन मशीन आजच्यापुरतं आलं होतं. काम लागलं नाही, तर उद्या ते दुसऱ्या गावाला जाणार होतं.

ओढ्यावर मशीन नुसतं उभं होतं आणि दोघे भाऊ दोन काठांवर तोंडं फिरवून बसले होते. काकासाहेब मधल्या खडकावर टेकले.

“सरपंच, तुमाला लग्नाला जायाचं आसंल,” गहिनीनाथ म्हणाला.

“न्हाई. आज कुठंच जायाचं न्हाई.”

दोघेही जरा गडबडले. दर वेळी सरपंच यायचे, घड्याळ बघत ‘मिटवून घ्या रे’ म्हणायचे आणि गाडीत बसायचे. तेवढ्यापुरता हट्ट धरणं काही अवघड नव्हतं. आज मात्र हा माणूस उठायलाच तयार नाही. ऊन चढलं. शिव्या देऊन झाल्या, आजोबांच्या वाटणीचं जुनं उणंदुणं निघालं, तेही संपलं. ज्ञानेश्वरच्या घरून भाकऱ्या आल्या, त्या तिघांनी एकाच फडक्यावर खाल्ल्या. आणि खाता खाताच ठरलं, गाळ दोन्ही काठांना निम्मा निम्मा. शेवटी तो गाळ शेताला खत म्हणून उपयोगीच पडणार होता, हे दोघांनाही पहिल्यापासून ठाऊक होतं.

मशीन सुरू झालं. खालची ओली माती वर आली, तेव्हा काकासाहेबांना इतकं बरं वाटलं की निवडून आले त्या दिवशीही वाटलं नव्हतं. घरी जाताना मात्र त्यांनी बजरंगच्या दारावरून जायचं टाळलं. बजरंगला तोंड कसं दाखवायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी बजरंगच बुंदीचा पुडा घेऊन दारात उभा राहिला.

“सरपंच, तुमी आला, मांडवाला शोभा आली. गडबडीत भेट न्हाई झाली, राग मानू नगा.”

सुरेखाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. काय झालं असेल ते काकासाहेबांच्या ध्यानात आलं. लग्नात मंगलाष्टकांआधी माईकवर पाहुण्यांची नावं पुकारायला सहादेव असतो. सरपंच आले की नाही हे न बघताच त्याने सवयीने ‘सन्माननीय काकासाहेब’ म्हणून टाकलं असणार. आता नुसतं गप्प बसलं तरी सगळं खपून जाणार होतं.

“बजरंग, मी आलो न्हवतो. ओढ्यावर हुतो. तुझ्या दारचं कार्य, अन् मी न्हाई आलो.”

बजरंग थबकला. हातातला पुडा त्याने कट्ट्यावर ठेवला आणि खाली बघून हसला.

“खरं सांगू? कोन आलं, कोन न्हाई, मलाबी ठावं न्हाई. सहादेवनं नावं घ्यायला सुरुवात केली अन् मी गपचीप मागच्या खोलीत गेलो. पोरगी सकाळपासनं उपाशी हुती. तिला माझ्या हातानं जेवू घातलं. नावं लांबली ते लई बरं झालं, सरपंच. न्हाईतर तेवढाबी येळ मिळाला नसता.”