पेशंटचं काम

प्रथमोपचाराच्या त्या दोन दिवसांच्या वर्गात वाटाड्याचा दुहेरी फायदा होता. एक, प्रमाणपत्र, त्याच्याशिवाय खिंडीपलीकडे माणसं न्यायला मनाई होती. आणि दुसरा, झोप. शिकवणाऱ्या नर्सबाईंनी "पेशंट कोण होतंय?" विचारलं की सगळ्यांत आधी याचा हात वर. सतरंजीवर आडवं पडायचं, बांधाबांध बाकीच्यांनी करायची. पट्टी जरा आवळली की हा बोंब मारायचा, "आई गं, मेलो!" आणि बाकीचे हसत हसत पट्टी सैल करायचे.

"ओरडला म्हणून सोडताय काय रे?" बाई वैतागायच्या. "रक्त थांबेपर्यंत पीळ द्यायचा. पेशंट शिव्या देणारच."

"मी गरीब पेशंट आहे, बाई," हा डोळे मिटूनच म्हणायचा.

दोन महिन्यांनी तो थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला घेऊन खिंडीतली पायवाट तपासायला गेला. दोघंच. उतारावर दगड निसटला आणि दाजींची मांडी गुडघ्याच्या वर उभी फाटली. रक्त उसळत होतं.

सॅकमध्ये पट्टा होता, पीळ द्यायला दांडीही होती. पट्टा कुठे काचतो, हे वाटाड्याला पक्कं ठाऊक होतं. दांडी मात्र त्याने कधी हातात धरली नव्हती. त्याने जखमेच्या वर पट्टा बांधला, दांडी फिरवली. एक पीळ, दोन, तीन. रक्त मंदावलं.

"सोड!" दाजी किंचाळले. "अरे मेलो मी, सोड!"

आणि त्याचे हात सैल पडले. वर्गात असंच तर व्हायचं.

रक्त पुन्हा उसळलं. त्याने पुन्हा पीळ दिला. दाजींनी पुन्हा हंबरडा फोडला. हात पुन्हा सैल.

तिसऱ्या खेपेला दाजी ओरडलेच नाहीत. आता पट्टा हवा तेवढा आवळता आला. रक्त थांबलं.

"दाजी, शिव्या द्या ना. दाजी! आईवरून द्या, काहीही द्या!"

फोनला रेंज नव्हती. त्याने दाजींना पाठीवर घेतलं आणि रस्त्यापर्यंतची दोन तासांची वाट तो बोलत राहिला.

दवाखान्याच्या व्हरांड्यात ताईने एवढंच विचारलं, "तू शिकला होतास ना रे?"

प्रमाणपत्र अजून चालू आहे. वर्गातल्या दोन दुपारांची झोप त्याने काढली. दाजींचा जीव गेला. ताई अजूनही भावाला जेवायला वाढते. बोलत मात्र नाही.