सर खोलीत होते

तिसऱ्या बुधवारीही आकडे चढेच आले, तसे सर भडकलेच.

"बाई, अकरा वर्षं उंदीर सांभाळताय की झोपा काढताय?"

प्राणीघराच्या बाईंना हा माणूस पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर नको होता. पाठीमागे अख्खी प्रयोगशाळा सरांना तोफ म्हणायची. बाई तर घरीसुद्धा म्हणत. पण सरांचं काम सोन्यासारखं होतं, तिथे बाईंचा नाइलाज होता. सोळा उंदीर, खाऊन खाऊन फुगलेले, मधुमेही. अंगात इन्सुलिन भरपूर, पण शरीर त्याला दाद देत नव्हतं. ते पुन्हा ऐकायला लागावं म्हणून सरांनी चार वर्षं घासून पेशींना वाढीचा इशारा देणारं एक वाढघटक प्रथिन तयार केलं होतं. आठ उंदरांना ते टोचायचं, आठांना नुसतं मिठाचं पाणी, आणि दर बुधवारी, सर डोक्यावर उभे राहून ओरडत असताना, शेपटीच्या टोकातून थेंबभर रक्त काढून साखर मोजायची. तीन बुधवार सोळाच्या सोळा उंदीर तीनशेच्या वर. दोन्ही गटांत काडीचा फरक नाही.

"सुई नीट जात नसणार," सर ओरडले. "नाहीतर मोजायच्या आधी गुपचूप खायला घालत असाल. दया येते ना तुम्हाला!"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पिंजऱ्यातले उंदीरही कोपऱ्यात एकमेकांच्या अंगावर चढून बसले होते. बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या.

गुरुवारी सर बैठकीला गेले होते. बाईंनी एकटीने, आपल्या जिद्दीवर, सगळे पुन्हा मोजले. पाण्याचे आठ अडीचशेच्या आसपास. प्रथिनाचे आठ एकशे तीस, एकशे चाळीस.

शुक्रवारी त्यांनी सरांना बोलावून पिंजऱ्याशी उभं केलं. सर सवयीने गरजत राहिले. प्रथिनाचा उंदीर: तीनशे दहा.

"आता बाहेर जा."

"काय म्हणालात?"

"बाहेर जा, सर. दोन तासांनी दारातून बघा."

दोन तासांनी तोच उंदीर एकशे पस्तीस.

"घाबरला की यकृत साखर रक्तात सोडतं," बाई म्हणाल्या. "तुम्हीच शिकवलंय. तो तुम्हाला घाबरतो."

सरांचे कान लाल झाले. प्रथिन चालतं, हे त्यांना कळलं. त्यांनी नोंदवही पुढे ओढली. जुने तीन बुधवार रद्द करायचे तर कारण शाईने लिहावं लागे आणि खाली दोघांच्या सह्या लागत.

"लिहा, तंत्रज्ञाच्या हातून चूक. तुमची नोकरी जाणार नाही, ते मी बघतो."

बाईंनी पेन घेतलं आणि लिहिलं: सर खोलीत ओरडत होते, म्हणून उंदीर घाबरले.

"यावर मी सही करणार नाही."

"मग त्यावर मीही नाही."

"बाई, हे तीन बुधवार राहिले तर प्रथिन निकामी ठरतं. कळतंय का?"

"ठरू दे."

चार वर्षांची मेहनत आहे, हा नमेल, असं बाईंना वाटत होतं. सरांना वाटत होतं, बाईच आहे, रडेल आणि लिहील. मग सरांनी बाईंची ओळ खोडली आणि खाली लिहिलं: प्रथिनाचा परिणाम नाही. प्रयोग समाप्त.

यावर मात्र दोघांच्याही सह्या झटक्यात झाल्या. सर दार आपटून गेले, आणि आपण जिंकलो असं बाईंना वाटलं. ते जेमतेम हात धुवून होईपर्यंत टिकलं.

संपलेल्या प्रयोगाचे उंदीर त्याच दिवशी मारायचे असा नियम होता आणि ते काम बाईंचं. वायूच्या पेटीत एका वेळी चार मावत. बाईंनी चारदा झाकण लावलं. त्या सोळांतले आठ बरे झालेले होते.